लघवीची साक्ष

मूत्रपिंडाला आपण शरीराची गाळणी म्हणतो. मला ही उपमा अपुरी वाटते. गाळणी केवळ गाळते, मूत्रपिंड गाळून पुन्हा निवडतेही. दोन्ही मूत्रपिंडांतील सुमारे २० लाख नेफ्रॉन दिवसाकाठी १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. त्यातील पाणी, साखर व क्षार सूक्ष्म नलिका परत रक्तात घेतात आणि जेमतेम दीड लिटर मूत्र उरते. निरोगी मूत्रपिंड अल्ब्युमिन मात्र सहसा निसटू देत नाही.

म्हणूनच आम्हा डॉक्टरांविषयी माझी एक तक्रार आहे. मधुमेही रुग्णाचे क्रिअ‍ॅटिनिन मर्यादेत आले, की आम्ही निश्चिंत होतो. वस्तुतः कार्यक्षमता निम्म्यावर येईपर्यंतही ते मर्यादेत राहू शकते. लघवीतील अल्ब्युमिन बहुधा त्यापूर्वीच वाढू लागते. ही साधी तपासणी लिहावयाची माझ्याही हातून राहिली आहे. पुढे त्या रुग्णाच्या पायांवर सूज दिसली, तेव्हाची खंत आजही जात नाही.

मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी वर्षातून एकदा ही तपासणी आवर्जून मागावी. वेळीच कळले, तर औषधांनी ऱ्हासाची गती मंदावता येते. आणि माझ्या व्यवसायबंधूंनो, रुग्णाला ती मागण्याची वेळच का यावी?