शोभिवंत मासे पाळणाऱ्यांसाठी: मे महिन्यात फ्रीजर भरून ठेवू नका



मे महिना आला की शोभिवंत मासे पाळणारे आपले बरेच सभासद एकच काम काढतात. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद, कोळंबी महाग होणार, म्हणून दोन महिन्यांचं खाद्य आत्ताच वाटून फ्रीजरमध्ये कोंबायचं. हिशोब ऐकायला बरोबर वाटतो. आमचं मत वेगळं आहे. एका वेळी तीन आठवड्यांपुरतंच खाद्य बनवा, जास्त नको.

कारण साधं आहे. फ्रीजर जंतू मारत नाही, नुसता झोपवून ठेवतो. खाद्य वितळलं की ते जागे होतात. आणि कोकणात पहिल्या पावसाला लाईट किती वेळा जाते हे तुम्हाला सांगायला नको. रात्री वितळलेलं खाद्य लाईट आल्यावर परत गोठतं. सकाळी दिसायला अगदी तसंच दिसतं, आणि तेच आपण ब्रीडर जोडीला घालतो. त्यातून मासे आजारी पडले आणि जोडी गेली, तर नुसते दोन मासे जात नाहीत, पुढची सगळी पिल्लं जातात. वाचवलेले कोळंबीचे पैसे त्यापुढे काहीच नाहीत.

"पण बंदीत कोळंबी मिळणार कुठे?" तळ्यातली वनामी कोळंबी बंदीतही मिळते. शिवाय गोठवलेलं खाद्य रोज लागतच नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरे, बाकी दिवस चांगलं कोरडं खाद्य चालतं. म्हणजे लागणारा माल थोडाच आहे.

*बनवताना*
- कोळंबी ताजी घ्या. खारवलेला किंवा सुकवलेला जवळा वापरू नका. सालं, डोकं, काळा दोरा काढून टाका.
- कोळंबी आणि बिनकाट्याचा मासा उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवून काढा. काही कच्च्या माशांत आणि कोळंबीत बी-1 जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो. तो गोठवून जात नाही, उष्णतेने जातो.
- एंजलसाठी कोळंबी-मासा जास्त ठेवा. गोल्डफिश आणि मोलीसाठी उकडलेला मटार, पालक वाढवा.
- बारीक वाटून एक किलोला साधारण 30 ग्रॅम जिलेटिन गरम पाण्यात विरघळवून मिसळा. त्याने खाद्य पाण्यात लगेच विस्कटत नाही. जीवनसत्त्वाची पावडर घालायची तर मिश्रण कोमट झाल्यावरच.
- पिशवीत भरून पोळीसारखं पातळ थापा आणि सुरीच्या पाठीने चौकोन पाडून ठेवा. पातळ थर लवकर गोठतो आणि लागेल तेवढाच तुकडा मोडता येतो. गोळा करून ठेवलात तर दर वेळी सगळा वितळवावा लागेल.
- पिशवीवर तारीख लिहा. घरच्या खाण्यापासून वेगळ्या, झाकणाच्या डब्यात ठेवा.

*घालताना*
गोठलेला तुकडा तसाच टाकीत टाकू नका. वाटीभर पाण्यात वितळवा, चहाच्या जुन्या गाळणीतून गाळा, वरचं पाणी फेकून द्या. ते पाणी माशांच्या पोटात जात नाही, नुसती टाकी घाण करतं. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच घाला. उरलेलं लगेच नळीने ओढून काढा. ते तळाशी सडलं की अमोनिया वाढतो, आणि त्याने होणारी मर आपण रोग समजून औषधावर पैसे घालवतो. वितळवलेलं उरलं तर परत फ्रीजरमध्ये ठेवायचं नाही.

*लाईट गेल्यावर*
एक युक्ती आजच करा. छोट्या वाटीत पाणी गोठवा, वर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी खाद्याच्या शेजारी ठेवून द्या. नाणं बर्फावरच असेल तर खाद्य ठीक. नाणं खाली गेलेलं दिसलं तर मधे सगळं वितळलं होतं असं समजा. मग वास घेऊन बघत बसू नका. नारळाच्या आळ्यात खड्डा करून पुरा, खत तरी होईल. तीन आठवड्यांचा माल असेल तर हे करताना हात थरथरत नाही. दोन महिन्यांचा असेल तर कोणीच टाकत नाही, माशांनाच घालतो. आमचा सगळा मुद्दा एवढाच आहे.

ज्यांना दर तीन आठवड्यांनी वाटण घालणं जड वाटतं, त्यांनी वाडीतल्या तीन-चार सभासदांनी मिळून पाळी लावावी. एकाने वाटायचं, सगळ्यांनी वाटून घ्यायचं. मिक्सर एकाचा खराब होईल, पण मासे सगळ्यांचे जगतील.

तुमचा अनुभव वेगळा असेल तर याच नंबरवर आवाजी मेसेज पाठवा. चांगली सूचना असेल ती पुढच्या मेसेजमध्ये सगळ्यांना कळवू.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी