पोत्यावरची प्रथिने आणि माशाला पचणारी प्रथिने

मत्स्यशेतीला चालना देण्यासाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आणली. चर्चा झाली ती तळी, पिंजरे आणि अनुदानाची. मत्स्यशेतकऱ्याचा निम्म्याहून अधिक खर्च मात्र बहुधा खाद्यावर होतो. ते हुबळीच्या गोकुळ रोडवर घ्या की म्हापशात, पोत्यावर छापलेला आकडा एकूण प्रथिनांचा असतो. माशाला पचणाऱ्या प्रथिनांचा नव्हे.

प्रयोगशाळेत खाद्यातील नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणले की हा आकडा मिळतो. नायट्रोजन कुठून आला, हे तो सांगत नाही. कोंबडीच्या पिसांत ८० टक्क्यांहून अधिक प्रथिने भरतात. पण त्यांतील केराटिन माशाला फारसे पचत नाही. शंभर किलो खाद्यात किलोभर युरिया मिसळला, तरी कागदावरची प्रथिने जवळपास तीन टक्क्यांनी वाढतात.

पचनीयता मोजण्याची पद्धत तशी सोपी आहे. क्रोमिक ऑक्साइडसारखा न पचणारा पदार्थ खाद्यात थोडासा मिसळतात आणि नंतर माशाची विष्ठा तपासतात. समजा, खाद्यात हा पदार्थ १ टक्का व प्रथिने ४० टक्के होती. विष्ठेत तो ३ टक्के व प्रथिने १८ टक्के आढळली. याचा अर्थ १५ टक्के प्रथिने वाया गेली, ८५ टक्के पचली. खरी अडचण विष्ठा गोळा करण्याची. ती पाण्यात राहिली तर त्यातील प्रथिने विरघळतात आणि पचनीयता आहे त्याहून जास्त दिसते. म्हणून आकड्याबरोबर पद्धतही जाहीर व्हायला हवी.

न पचलेली प्रथिने तळाशी कुजून अमोनिया सोडतात. खाजनातील कोळंबीच्या तळ्यात याचा फटका दुहेरी बसतो: पैसा जातो आणि पाणीही बिघडते. दुसरीकडे, मासळीच्या कुटासाठी तारलेसारखी मासळी वापरली जाते, जी गोमंतकीयांच्या ताटातलीही आहे. तिला पर्याय म्हणून सोयाबीन, शेंगदाण्याची पेंड किंवा कीटकांच्या अळ्या पुढे येत आहेत. त्यांचा कस प्रथिनांच्या टक्केवारीवर नव्हे, पचनीयतेवरच लागेल.

जुने गोवे येथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. चेन्नईत निमखाऱ्या पाण्यातील जलसंवर्धनाची केंद्रीय संस्था आहे. राज्यात विकल्या जाणाऱ्या खाद्याची अशा संस्थांकडून चाचणी करून निकाल मराठी व कोकणीत प्रसिद्ध करणे सरकारला अवघड नाही. अनुदानातून तळे उभे राहते. ते टिकते खाद्याच्या हिशेबावर. तो हिशेब शेतकऱ्याच्या हाती देणे, हीच योजनेची पुढची पायरी असली पाहिजे.