पोर्शवाल्या बापाला शिव्या दिल्या, आता आपल्या घरातली चावी कुठंय ते सांगा

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तर पूर्ण वाचा, अर्धी वाचून भांडायला येऊ नका.

पुण्यात राहणारी आपल्याकडची पोरं सणावाराला गावाकडं आली की पारावर एकच विषय असतो. पुण्याची ट्रॅफिक. कुणी सिग्नल पाळत नाही, कुणी उलट्या बाजूनं अंगावर येतं, फुटपाथवरून बी गाड्या घालतात. ऐकणारे माना हलवतात. म्हणतात, "शहरातली माणसं लय बेशिस्त झाली."

मला ह्या वाक्याचा राग येतो. कोण आहेत ही शहरातली माणसं? हडपसरला, वाघोलीला, चाकणला भाड्याच्या खोलीत राहतात ती कुणाची लेकरं आहेत? परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, बीड. रात्री ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर उभं राहून बघा, कोण कुठं चाललंय ते. पुण्याच्या चौकात जो गर्दा आहे, त्यात आपल्या भागातून गेलेली माणसं काही कमी नाहीत. गाडी चालवायला ते तिथं जाऊन शिकले नाहीत. इथं शिकून गेले. आपल्याच रस्त्यावर, आपल्याच देखत.

आता मुद्द्यावर येतो.

१९ मे २०२४. पुण्याचं कल्याणीनगर, पहाटे अडीचचा सुमार. १७ वर्षांच्या पोराच्या हातात कोट्यवधीची पोर्श. मोटारसायकलवर चाललेले दोन इंजिनिअर, एक मुलगा आणि एक मुलगी, दोघंही मध्य प्रदेशातून नोकरीला आलेले. दोघंही गेले. बालन्याय मंडळानं त्या पोराला काही तासांत जामीन दिला, आणि अटींमध्ये एक अट होती ३०० शब्दांच्या निबंधाची. देशभर बोंब झाली तेव्हा कुठं त्याला निरीक्षणगृहात धाडलं. पुढं रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली, आईबापांना झाली, आणि चालकाला डांबून ठेवल्याच्या आरोपावरून आजोबांनाही झाली. महिनाभरानं, जून २०२४ मध्ये, उच्च न्यायालयानं पोराला निरीक्षणगृहातून सोडायचा आदेश दिला. जुलै २०२५ मध्ये त्याला प्रौढ समजून खटला चालवायची पोलिसांची मागणीही मंडळानं फेटाळली.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात राहिली नाही. त्या गाडीची कायमची नोंदणीच झालेली नव्हती. बाकी होती फी, १,७५८ रुपये. कोट्यवधीची गाडी घेणाऱ्याची १,७५८ रुपये भरायची राहिली होती. पैशाचा प्रश्न नव्हताच. नियम आपल्यासाठी नसतात ही सवय होती.

त्या आठवड्यात आपल्या गावातल्या प्रत्येक ग्रुपवर त्या बापाला शिव्या होत्या. बापाला फाशी द्या, बुलडोझर लावा, काय काय. संताप खरा होता, मी नाही म्हणत नाही. श्रीमंताच्या लेकराला निबंध आणि गरिबाच्या लेकराला कोठडी, हे दिसल्यावर माणूस चिडणारच.

पण ज्या अंगठ्यानं ती पोस्ट पुढं ढकलली, त्याच हातानं दुसऱ्या दिवशी सकाळी नववीतल्या पोराला मोटारसायकलची चावी दिली ना? "जा, शेतात डबा देऊन ये." "जा, ट्यूशनला उशीर होतोय." पोराचे पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि बाप चारचौघांत सांगतो, "आमचं पोरगं सहावीपासून गाडी चालवतंय." हे कौतुक आहे का?

कायद्याच्या नजरेत पोर्शवाला बाप आणि स्प्लेंडरवाला बाप एकच आहेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९-अ घातलं गेलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर दोषी पालक किंवा गाडीचा मालक. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या पोराला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन नाही. गिअरच्या गाडीला वय १८ पूर्ण लागतं. १६ व्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी, ती पण पालकाच्या संमतीनं लायसन काढून. आपल्या गावात ह्या कलमानं मोजायला बसलं तर किती घरं सुटतील, ज्यानं त्यानं मनाशी मोजावं.

काहीजण म्हणतील, पोर्श ताशी दीडशेनं पळते, आमचं पोरगं पन्नास-साठनं. बरं, हिशोब करू. ताशी ६० म्हणजे एका सेकंदाला जवळपास १७ मीटर. मोबाईल वाजला म्हणून तीन सेकंद खाली बघितलं तर गाडी ५० मीटर आंधळी पळाली. समोर शाळा सुटली असेल तर? आणि वेग दुप्पट झाला की धडकेचा मार दुप्पट होत नाही, चौपट होतो. हे आठवी-नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं आहे. ज्या पोराला आपण गाडी दिली, त्याचा तो धडा अजून व्हायचाय.

दुसरं उदाहरण घ्या. २० नोव्हेंबर २०२२, पुण्याचा नवले पूल. उतारावरून आलेल्या एका ट्रकनं जवळपास ४८ गाड्या ठोकल्या. तपासात काय पुढं आलं? चालकानं उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती. डिझेल वाचावं म्हणून. ऐकून शहाणी माणसं हसली. पण आपल्याकडं उतार लागला की गिअर काढून गाडी सोडणारे कितीजण आहेत? टमटमवाले करतात, ट्रॅक्टरवाले करतात, आणि "ॲव्हरेज वाढतं" म्हणून दुसऱ्याला शिकवतात बी. इंजिन बंद पडलं की ब्रेकमागचा जोर जातो, हे कुणी सांगत नाही. ही अक्कल पुण्यात उगवली नाही. गावोगावच्या उतारावर रुजली आणि नवले पुलावर जाऊन फळाला आली.

"रस्तेच खराब आहेत, त्याला आम्ही काय करावं?" हा ठरलेला जबाब. रस्ते खराब आहेत, मान्य. खड्डे आहेत, साइडपट्ट्या खचल्यात, गतिरोधकाला पांढरा पट्टा नाही. त्यावर मी वीस वर्षं लिहितोय, पुढं बी लिहीन. पण समृद्धी महामार्ग तर नवा कोरा होता ना? १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली ट्रॅव्हल्स उलटून पेटली आणि २५ माणसं जळून गेली. त्या रस्त्यावर खड्डा नव्हता. रस्ता सुधारला आणि माणूस तसाच राहिला तर मरण फक्त जास्त वेगानं येतं.

आणि "शहरात बेशिस्त, गावात काय नाही" ह्या समजाचं उत्तर सरकारच्याच आकड्यात आहे. २०२२ साली देशात रस्ता अपघातात १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली साधारण ६८ टक्के ग्रामीण भागात. हेल्मेट नव्हतं म्हणून मेलेले ५० हजारांवर. महाराष्ट्रात त्या एका वर्षात १५ हजारांवर माणसं गेली. पुण्या-मुंबईच्या अपघाताचं टीव्हीवर आठवडाभर दळण चालतं. आपल्या रस्त्यावर माणूस गेला तर आतल्या पानावर चार ओळी येतात आणि गाव दहाव्यापर्यंत हळहळतं, एवढाच फरक.

त्या चार ओळींची भाषाही बघा. "काळाने घाला घातला." "नियतीने हिरावून नेले." "भरधाव अज्ञात वाहनाने." मी ह्या धंद्यातला माणूस आहे, म्हणून बोलतो. काळ गाडी चालवत नसतो. गाडी माणूस चालवतो. तो प्यायलेला होता का, लायसन होतं का, ट्रॉलीला मागं लाल रिफ्लेक्टर होतं का, हे विचारायचं सोडून नियतीवर पावती फाडली की सगळे मोकळे. नियतीवर गुन्हा दाखल होत नाही.

कायदा कडक झाला तरी आपण काय करतो ते बघा. जानेवारी २०१९ ला पुण्यात हेल्मेटसक्ती आली, तर शिकलीसवरलेली माणसं तिच्या विरोधात रस्त्यावर उतरली. जानेवारी २०२४ ला, ठोकून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेच्या कलमाविरुद्ध ट्रकचालकांनी चाकं थांबवली. पेट्रोल पंपावर रांगा लागल्या आणि सरकारनं कलम बाजूला ठेवलं. त्यात चालकांची एक बाजू खरी होती. थांबलं तर जमाव मारतो, ही भीती खोटी नाही. पण मग जमाव कोण असतो? पुन्हा आपणच. आधी मारतो, मग व्हिडिओ काढतो, आणि जखमी तिथंच पडलेला असतो.

पोलिसांना आणि आरटीओला मी सोडत नाही. लपून फोटो काढायचा, ऑनलाइन चलन धाडायचं, आणि धोक्याच्या वळणावर मात्र माणूस उभा करायचा नाही, ह्याला शिस्त लावणं म्हणत नाहीत. आठ आकडा न काढता एजंटामार्फत लायसन हातात पडतं हे राज्यभरातलं उघड गुपित आहे. ज्याला आठ काढता येत नाही त्याला माणसांच्या गर्दीत सोडणं हा सरकारी खात्याचा गुन्हा आहे. पण खातं भ्रष्ट आहे म्हणून माझ्या पोराला ब्रेक मारायची गरज नाही, असं होत नाही.

आता खिशाचं बोलतो, कारण खिशाचं लवकर पटतं. लायसन नसलेल्या पोराच्या हातून कुणी मेलं तर अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई लाखांत ठरते. विमा कंपनीला आधी पैसे भरायला लावतात आणि ते गाडीच्या मालकाकडून वसूल करायची मुभा कंपनीला देतात, असे निकाल कितीतरी आहेत. विमाच नसेल तर सगळा बोजा थेट मालकावर. मालक म्हणजे बाप. बापाकडं काय असतं? दोन-चार एकर. एका डब्याच्या फेरीपायी सातबारा पणाला लावायचा का?

नुसतं बोंबलून उपयोग नाही, म्हणून ताडकळसपुरतं सांगतो.

एक, शाळा-कॉलेजच्या मुख्याध्यापकांनी आणि ट्यूशनवाल्यांनी आवारात बिनलायसनच्या गाड्या घेऊ नयेत. पालक भांडायला आले तर कलम १९९-अ भिंतीवर लावून ठेवा.

दोन, उसाचा हंगाम आला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री बिनदिव्याचे पळतात. कारखान्यानं गव्हाणीवर घ्यायच्या आधी ट्रॉलीमागं रिफ्लेक्टर आहे का ते बघावं, नसेल तर गाडी परत लावावी. काही रुपयांची पट्टी आहे ती. आणि कर्णकर्कश टेप ऊस वाहणाऱ्याच्या कोणत्या कामाचा आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

तीन, आपल्या गावात पोलीस ठाणं आहे. ठाणेदार साहेबांना विनंती, शाळा भरताना, सुटताना आणि आठवडी बाजाराच्या दिवशी एक माणूस रोडवर उभा करा. पहिल्या वेळी पोराला पकडा आणि बापाला बोलवा. पुढाऱ्याचा फोन आला तर त्या पुढाऱ्याचं नाव मला सांगा, मी छापतो.

चार, परभणीकडं आणि पूर्णेकडं जाताना गावालगत जिथं लेकरं रस्ता ओलांडतात, तिथल्या गतिरोधकांना पांढरे पट्टे आणि फलक ग्रामसभेत ठराव घेऊन मागा. ठरावाची प्रत बांधकाम विभागाला द्या, पोच घ्या. पाठपुरावा मी करतो.

पाच, अपघात दिसला तर मोबाईल खिशात घाला आणि जखमीला उचला. मदत करणाऱ्याला साक्षीसाठी जबरदस्ती करता येत नाही, कायद्यात कलम १३४-अ आहे. वेळेत दवाखान्यात नेणाऱ्याला केंद्राच्या योजनेत २५,००० रुपये बक्षीस आहे. २०२५ च्या योजनेनुसार जखमीवर सात दिवसांत दीड लाखापर्यंत उपचार रोख न भरता होतात. दवाखाना पैसे मागायला लागला तर हे बोलून दाखवा.

ह्यातलं एकही काम अवघड नाही. अवघड एकच आहे. संध्याकाळी पोरगं चावी मागायला आलं की "नाही" म्हणणं. ते रुसेल, जेवणार नाही, आई मध्ये पडेल, शेजारचा म्हणेल "द्या हो, एवढंच काय". तरी नाही म्हणायचं.

कल्याणीनगरच्या त्या पोराचा निबंध कसा होता ह्याची सगळ्या देशानं चौकशी केली. त्याला चावी कशी मिळाली हे कळायला चौकशी लागत नाही. ती घरात मिळाली.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खुशाल भांडा, मी इथंच आहे. पण आधी उठा आणि खिळ्याला अडकवलेली चावी काढून आपल्या खिशात ठेवा.