निवटीचा पत्ता आणि निवटीचं कूळ

भाचीनं निवटीला ‘मासा’ लिहिलं आणि गुण गेला. बाईंच्या तक्त्यात निवटी ‘उभयचर’ होती. का, तर ती पाण्यातही असते आणि ओहोटीला खाडीच्या चिखलावरही उड्या मारते.

तक्तेवाल्यांचं म्हणणं मला ठाऊक आहे. लहान मुलांना आधी सोपं सांगावं: पाण्यातले जलचर, जमिनीवरचे भूचर, दोन्हीकडचे उभयचर. शास्त्रातले वर्ग मोठेपणी. ऐकायला समंजस वाटतं, पण यात पत्त्यालाच कूळ समजलं जातं. तेही नवी मुंबईत! सिडकोनं आखलेल्या या शहरात एकाच मजल्यावर साताऱ्याचं, केरळचं आणि पंजाबचं घर असतं. सेक्टर एक म्हणून त्यांना कुणी भाऊबंद ठरवत नाही. फ्लेमिंगो तर दिवसातच घर बदलतात. ओहोटीला ठाणे खाडीच्या चिखलात, भरतीला नेरूळच्या तळ्यांवर. अंगावर पिसं आहेत म्हणून ते पक्षी, मग उतरोत कुठेही.

‘अंगाकडे बघून ठरवणं मुलांना जमत नाही,’ हा दुसरा आक्षेप. असं म्हणणाऱ्यानं एकदा दिवाळे गावच्या मासळी बाजारात जावं. कोळ्याचं पोर चिंबोरी उलटी करतं, पोटावरची झापड अरुंद टोकदार की रुंद गोलसर हे बघतं आणि नर-मादी सांगून मोकळं होतं. त्याच पोराला पाय मोजायला सांगा. नांग्या धरून दहा, सगळे सांधेवाले, वर कडक कवच. कोळंबीचंही तसंच. झाले संधिपाद! याच मोठ्या गोतावळ्यात झुरळही येतं, हे ऐकून पंचाईत होते ती घरातल्या मोठ्यांची. आणि माकुल? साफ करताना आतून कचकड्यासारखं पारदर्शक पातं निघतं. तो तिच्या पूर्वजांच्या शिंपल्याचा अवशेष. म्हणून पाटीतल्या तिसऱ्या तिच्या नातेवाईक, शेजारचा बोंबील नव्हे.

चूक शास्त्रज्ञांनीही केली आहे. लिनियसनं सजीवांच्या वर्गीकरणाच्या आपल्या ग्रंथात १७३५ साली देवमाशाला माशांतच बसवलं होतं. त्याच ग्रंथाच्या १७५८ च्या आवृत्तीत त्यानं त्याला सस्तन प्राण्यांत हलवलं. देवमासा फुफ्फुसांनी श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो. समुद्र तोच राहिला, कूळ बदललं. आपण मात्र नावातल्या ‘मासा’ला अजून भुलतो.

राहण्याच्या जागेचा तक्ता फाडा, असं मी म्हणत नाही. खाडी बुजवली तर कुणाकुणाचं घर जाईल, हे त्याच तक्त्यावरून कळतं. फक्त त्याचं शीर्षक ‘कुठे राहतो?’ एवढंच ठेवा. उभयचर हा बेडकाचा वर्ग: लहानपणी कल्ल्यांचा शेपटीवाला बेडूकमासा, मोठेपणी पाय फुटलेला, बिनखवल्यांचा. निवटीला पाय फुटत नाहीत. ती पुढच्या परांवर रेटत सरकते, कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवते आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेते. तक्त्याशेजारी ‘अंगावर काय आहे?’ असा एक रकाना वाढवा. त्यात भाचीनं निवटीपुढे काय लिहायचं, ते ठरलेलं आहे: बारीक खवले, कल्ले, पर.