वेगवान पडदा खिशात पोहोचला. टेबल मात्र रिकामेच!

विशेष प्रतिनिधी

राजूर (जि. जालना) : संगणकावर खेळणाऱ्या हौशी मंडळींत १४४ हर्ट्झचा मॉनिटर ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. शहरांतील दुकानांत ‘गेमिंग’ म्हणून मांडलेल्या मॉनिटरांमध्ये ६० हर्ट्झचा पडदा जवळपास दिसेनासा झाला आहे. मात्र, गणपतीच्या दर्शनासाठी मराठवाड्यात प्रसिद्ध असलेल्या राजूरसारख्या गावाच्या संदर्भात या प्रश्नाची मांडणीच बदलावी लागते. किती खेळाडूंकडे वेगवान मॉनिटर आहे, त्याआधी किती घरांत संगणक आहे, हे पाहावे लागते.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील शहरी भागात २३.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. ग्रामीण भागात हे प्रमाण अवघे ४.४ टक्के होते. त्यातही लॅपटॉप आणि टॅबलेट यांची गणना संगणकातच करण्यात आली होती. ‘स्टीम’ या खेळविक्रीच्या व्यासपीठाकडून दरमहा प्रसिद्ध होणाऱ्या जागतिक पाहणीकडे याच दृष्टीने पाहायला हवे. तिच्यात स्वेच्छेने सहभागी होणाऱ्या प्रत्येकाकडे संगणक असतोच. तरीही त्यांतील निम्म्याहून अधिक जण गेली काही वर्षे १९२० बाय १०८० या साध्या रचनेचाच पडदा वापरत आले आहेत. म्हणजेच जगभरचा सर्वसामान्य खेळाडूही महागड्या सामग्रीचा धनी नाही.

आकड्यांमागचे गणित

पडद्यावरील चित्र एका सेकंदात किती वेळा नव्याने उमटते, ते ‘रिफ्रेश रेट’ सांगतो. ६० हर्ट्झच्या पडद्यावर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवे चित्र येते, तर १४४ हर्ट्झवर ६.९ मिलिसेकंदांनी. २४० हर्ट्झवर हे अंतर ४.२ मिलिसेकंदांपर्यंत उतरते. पहिल्या टप्प्यात जवळपास दहा मिलिसेकंद वाचतात, पुढच्या टप्प्यात तीनही वाचत नाहीत. त्यामुळे ६० वरून १४४ वर जाणाऱ्याला फरक लगेच जाणवतो. त्यापुढील खर्चाचे मोल मात्र झपाट्याने घटत जाते.

गंमत म्हणजे, जुन्या काचनळीच्या मॉनिटरांवर ७५ किंवा ८५ हर्ट्झ ही नेहमीची बाब होती. ६० हर्ट्झवर ते पडदे लुकलुकत आणि डोळ्यांना त्रास होई. सपाट एलसीडी पडदे आले, लुकलुकणे थांबले आणि ६० हाच आकडा सर्वत्र रूढ झाला. २०१२ च्या सुमारास १४४ हर्ट्झचे एलसीडी मॉनिटर बाजारात येऊ लागले, तेव्हा कुठे ही कोंडी फुटली.

फोनने ओलांडलेली पायरी

ग्रामीण भागात हा वेग पोहोचला तो मात्र वेगळ्याच वाटेने. १२० हर्ट्झचा पडदा २०१७ मध्ये एखाद्या महागड्या फोनचे वैशिष्ट्य होते. आज दहा हजार रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या फोनवरही ९० किंवा १२० हर्ट्झचा पडदा सर्रास आढळतो. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला, त्यापाठोपाठ ‘पबजी मोबाइल’चे वेड गावोगावी पसरले. सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी आली. २०२१ मध्ये त्याची जागा ‘बीजीएमआय’ने घेतली, त्यावरही २०२२ मध्ये बंदी आली आणि २०२३ मध्ये तो खेळ पुन्हा सुरू झाला. खेडोपाडीच्या एका पिढीने संगणकाचा टप्पा न गाठताच वेगवान पडदा हाताळला, तो असा.

संगणकाच्या बाबतीत ही वाट सोपी नाही. २४ इंची १४४ ते १८० हर्ट्झचा मॉनिटर आज दहा हजार रुपयांच्या आसपास मिळू शकतो. ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवरील जीएसटी जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याहून मोठ्या मॉनिटरांनाही हीच सवलत मिळाली. परंतु सेकंदाला १४४ चित्रे दाखवू शकणाऱ्या पडद्याला तेवढी चित्रे तयार करून देणारे ग्राफिक कार्डही लागते आणि त्याची किंमत मॉनिटरच्या दुप्पट-तिप्पट होते. शिवाय वीज गेली की डेस्कटॉप क्षणात बंद पडतो. म्हणजे यूपीएसचा खर्च आलाच.

शिक्षणासाठी बाहेरगावी गेलेली मुले म्हणूनच गेमिंग लॅपटॉपकडे वळतात. अलीकडच्या अशा बहुतेक लॅपटॉपमध्ये १४४ हर्ट्झचा पडदा असतोच, त्यामुळे वेगळी खरेदी न करताही ही मुले वेगवान पडद्याची धनी होतात. तथापि, भारनियमनाच्या वेळी बॅटरीवर चालताना अनेक लॅपटॉप आपला वेग आपोआप कमी करतात, हेही ध्यानात घ्यायला हवे.

विकत घेतले, वापरले नाही

सर्वांत दुर्लक्षित बाब निराळीच आहे. नवा मॉनिटर जोडल्यानंतर ‘विंडोज’मध्ये तो अनेकदा ६० हर्ट्झवरच चालू लागतो. ‘अॅडव्हान्स्ड डिस्प्ले’ या भागात जाऊन आकडा स्वतः बदलावा लागतो. जुनी एचडीएमआय केबल किंवा संगणकावरील जुने पोर्टही आड येऊ शकते. अशा वेळी डिस्प्लेपोर्टची केबल उपयोगी पडते. घरात जाणकार नसेल, तर कष्टाने जमवलेल्या पैशांतून घेतलेला १४४ हर्ट्झचा पडदा वर्षानुवर्षे ६० वरच चालत राहण्याची शक्यता असते. विक्रेत्याने बसवतानाच हे दाखवून दिल्यास ग्राहकाचा पैसा सत्कारणी लागेल.

वेगवान पडदा म्हणजे वेगवान इंटरनेट नव्हे, हा गैरसमजही दूर व्हायला हवा. जोडणीतच शंभर मिलिसेकंदांचा विलंब असेल, तर पडद्याने वाचवलेले दहा मिलिसेकंद स्पर्धेत फारसे तारत नाहीत.

प्रश्न संधीचा

हा विषय निव्वळ करमणुकीचा राहिलेला नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सची जबाबदारी युवा व्यवहार व क्रीडा मंत्रालयाकडे सोपवली. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांत या प्रकारात पदके दिली गेली. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांना मनाई केली, त्याच वेळी ई-स्पोर्ट्सला मान्यताही दिली. हांगझोऊ येथील ‘डोटा २’ आणि ‘लीग ऑफ लेजंड्स’ हे पदकाचे खेळ संगणकावरचे होते. केवळ फोनवर तयार झालेल्या खेळाडूसाठी ही दारे अर्धीच उघडतात.

यावर प्रत्येक घराने कर्ज काढून मॉनिटर घ्यावा, हा उपाय नव्हे. एमएस-सीआयटीने महाराष्ट्राच्या गावागावांत संगणक पोहोचवला, तो घरोघर नव्हे, तर सामायिक केंद्रांतून. तोच धडा येथेही लागू पडतो. तालुका क्रीडा संकुलात किंवा महाविद्यालयात दहा चांगले संगणक, खात्रीची वीज आणि नीट जोडणी उपलब्ध झाली, तर कौशल्य असलेल्या मुलांना निदान आपली पारख करून घेता येईल. फोनवर १२० हर्ट्झचा सराव झालेल्या या मुलांना आता वेगाची ओळख करून देण्याची गरज नाही. गरज आहे ती बसायला टेबलाची.