तिची झुलपं कापू नका!

स्कॉटलंडच्या हायलँड गायीचं चित्र वर्गात दाखवलं की मुलं हमखास म्हणतात, "बाई, बिचारीला दिसत नसेल, केस कापा ना!" आपण हसून पुढे जातो. खरं तर तिथंच थांबायला हवं.

तिच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरच्या लांब, तेलकट केसांवरून पाऊस निथळून जातो. आतली दाट, मऊ लव ऊब धरते. म्हणूनच तिला चरबीचा जाड थर लागत नाही. डोळ्यांवरची झुलपं वारा, पाऊस, माश्या अडवतात. उन्हाळ्यात जास्तीचे केस आपोआप गळतात. मग आपल्या कात्रीला दया म्हणायचं का?

शिक्षकमित्रांनो, पालकहो, मुलांची कणव जपूया. पण मदतीला धावण्याआधी "हे असं का असेल?" हे विचारायलाही शिकवूया.