‘मेहनती’ या विशेषणाविरुद्ध

धेंपो स्पोर्ट्स क्लबाच्या पाच राष्ट्रीय विजेतेपदांचा विषय निघाला की हटकून दोन नावे घेतली जातात : रँटी मार्टिन्स आणि बेटो. ती घ्यावीतच. २०११-१२च्या आय-लीगमध्ये एकट्या रँटीने ३२ गोल केले, त्याविषयी वाद घालण्याइतके आम्ही करंटे नाही. आमचे भांडण त्यानंतरच्या वाक्याशी आहे. ‘आणि हो, क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, महेश गवळी हेही मेहनती होते.’

मराठी शिकवणाऱ्यांना विशेषणांचा संशय घेण्याची खोड असते. नायजेरियाचा आघाडीपटू आणि ब्राझीलचा खेळाडू ‘प्रतिभावान’, आणि गोव्याची पोरे ‘मेहनती’! म्हणजे बुद्धी त्यांची आणि घाम आमचा. ही वाटणी परदेशी खेळाडूंनी केलेली नाही. ती आपण, आपल्या क्रीडापानांनी आणि गॅलरीतल्या गप्पांनी केली आहे.

क्लायमॅक्स मधल्या फळीत, बचावफळीच्या पुढ्यात खेळे. त्याच्या खेळात पाहण्यासारखे काय, असे विचारणाऱ्याने तो चेंडूजवळ असताना नव्हे, चेंडू दूर असताना त्याला पाहायला हवे होते. प्रतिस्पर्ध्याचा पास सुटण्याआधीच त्या पासच्या वाटेवर दोन पावले सरकून तो उभा असे. मग पास दुसरीकडे जाई, आणि दुसरीकडे गेलेल्या पासची नोंद कोण ठेवतो? जमिनीवर लोळण घेऊन चेंडू काढणाऱ्याला टाळ्या पडतात. ज्याला कुठे उभे राहायचे ते कळते त्याला लोळावे लागत नाही, म्हणून टाळ्याही मिळत नाहीत. आघाडीच्या खेळाडूंनी मागे न परतता पुढेच थांबावे, ही चैन धेंपोला परवडली ती या उभे राहण्याच्या जोरावर. याला मेहनत म्हणणे म्हणजे बुद्धिबळपटूच्या मनगटाचे कौतुक करणे होय.

३० जुलै २००८ रोजी हैदराबादेत, एएफसी चॅलेंज चषकात, अफगाणिस्तानविरुद्धचा सामना गोलशून्य संपणार असे दिसत असताना भरपाई वेळेत क्लायमॅक्सने गोल केला. पुढे अंतिम सामन्यात भारताने ताजिकिस्तानला ४-१ हरवले आणि १९८४ नंतर प्रथमच आशिया चषकाची पात्रता मिळवली. लक्षात राहिले ते अंतिम सामन्यातले सुनील छेत्रीचे तीन गोल. (क्लायमॅक्सची बाजू मांडताना आम्हीही शेवटी गोलाचाच आधार घेतला, हे आमच्या ध्यानात आले आहे. सवय जात नाही.)

बरे, हे लोक नुसतेच राबणारे होते, असे घटकाभर मान्य करू. मग महेश गवळी भारतीय संघाचा साहाय्यक प्रशिक्षक कसा झाला? समीर नाईकच्या हाती खुद्द धेंपोने आपला संघ का सोपवला? आणि त्याच संघात डाव्या बाजूने खेळणारा, असाच दुसऱ्या ओळीत ढकलला गेलेला क्लिफर्ड मिरांडा २०२३ मध्ये ओडिशाला सुपर कप कसा जिंकून देतो? प्रशिक्षकाला मैदानावर एक पाऊलही धावायचे नसते. आर्मांदो कुलासोंच्या त्या संघात खेळ वाचता येणारी माणसे किती होती, हे निवृत्तीनंतर दिसले. खेळत असताना आपण त्यांच्या फक्त घामेजलेल्या जर्सी पाहत होतो.